परसातील तीन गादीवाफे

बेळगावच्या मळ्यांतील भाजी रोज गाड्या भरून घाट उतरते व गोव्याच्या बाजारात जाते. ज्या गावांतून ही भाजी निघते त्याच गावांतील घरांत शिमगा उलटल्यावर जेवणात काय असते, ते पाहावे. भात, भाकरी, आमटी, लोणचे, कधी सुकी मासळी, आणि आठवड्याच्या बाजारातून आणलेले कांदे-बटाटे. विहिरीचे पाणी खाली गेलेले असते. मळ्यातील हिवाळी भाजी निघून गेलेली असते. पालेभाजीची जुडी महागली की ती प्रथम पिकवणाऱ्याच्याच ताटातून जाते. मिरगाचा पाऊस येईपर्यंत हे असेच चालते.

याचा भार घरातील स्त्रिया व मुले यांच्यावर अधिक पडतो. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण ६७ टक्के होते. रक्त कमी होण्याची कारणे अनेक आहेत, आणि भाजी हे काही त्यावरचे एकमेव औषध नव्हे. परंतु वर्षातील चार महिने हिरवे पान ताटात नसणे हे त्या कारणांपैकी एक आहे, आणि ते दूर करणे आपल्या हाती आहे.

आपला उपवासकाळही नेमका याच दिवसांत येतो. राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान पडतो. तेथून ईस्टरपर्यंत मांस वर्ज्य केलेल्या दिवसांचे जेवण डाळ व भाजी यांवरच उभे राहते. तेव्हा जानेवारीच्या मध्यावर पेरलेली भाजी या काळात हाताशी असली, तर गृहिणीची मोठीच सोय होते.

यासाठी एकर-दोन एकर लागत नाहीत. मागील दारी तीन गादीवाफे असले तरी पुष्कळ काम होते. त्यांतील एक वाफा वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वनस्पतींचा व दोन हंगामी भाजीचे असावेत. ते कसे करावेत व कसे टिकवावेत याचा विचार आपण या पाठात करू.

१. गादीवाफा कशासाठी

गादीवाफा आपल्याला नवा नाही. तंबाखू, मिरची, वांगी यांचे रोप आपण गादीवाफ्यावरच तयार करतो. पण रोप काढून झाले की वाफा मोडतो व त्यावरून पुन्हा चालू लागतो. येथे आम्हाला सांगावयाचे आहे ते हे, की गादीवाफा कायम ठेवावा व त्यावर कोणीही कधीही पाय देऊ नये.

वाफ्याची उंची ही त्याची अर्धीच बाजू आहे. दुसरी अर्धी बाजू म्हणजे न तुडवलेली माती. माणसाच्या पायाखाली माती दबते, तिच्यातील हवेच्या बारीक वाटा बुजतात, पाणी आत न मुरता वरून वाहून जाते आणि मुळांना वाढण्यास जागा उरत नाही. न दबलेल्या मातीत मुळे खोल जातात, गांडुळे राहतात, आणि पाणी दिले की ते खाली उतरून साठते. म्हणून वाफ्याची रुंदी अशी ठेवावी की दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोचावा. तीन फूट रुंदी पुरेशी आहे. लांबी सोयीप्रमाणे, पण दहा फुटांपेक्षा फार नसावी. वाफा फार लांब केला की माणसे वळसा घालण्याचा कंटाळा करून वरून ओलांडू लागतात. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट सोडावी, म्हणजे घमेले घेऊन बसता येते.

पावसाळ्यात उंचीचा उपयोग सर्वांना दिसतो. खानापूरच्या पश्चिम भागात किंवा गोव्यात जून-जुलैत सपाट वाफ्यातील पालेभाजी कुजून जाते. नऊ इंच उंच वाफ्यावरील भाजी मात्र उभी राहते, कारण जादा पाणी वाटेने निघून जाते. परंतु उन्हाळ्याच्या तोंडी हीच उंची अंगावर येते. उंच मातीला कडेनेही वारा व ऊन लागते, त्यामुळे ती सपाट जमिनीपेक्षा लवकर वाळते. पुष्कळांचे वाफे मार्चमध्ये जळतात ते यामुळेच. यावर उपाय सोपा आहे. जानेवारीत वाफ्याच्या कडा दोन-तीन इंच वर उचलून बांधासारख्या कराव्यात, म्हणजे मधला भाग उथळ परातीसारखा राहील. घातलेले पाणी बाहेर न जाता तेथेच मुरेल. मे महिन्याच्या अखेरीस या कडा पुन्हा सपाट कराव्यात. वाफा तोच राहतो, फक्त हंगामाप्रमाणे त्याचा माथा बदलावयाचा.

२. वाफा तयार करणे

जागा निवडताना सकाळचे ऊन निदान पाच-सहा तास मिळेल असे पाहावे. स्वयंपाकघराच्या दारापासून जितके जवळ तितके बरे. वाफा दूर असला तर संध्याकाळी चार पाने तोडण्यास कोणी जात नाही, आणि पाणी नेण्याचाही कंटाळा होतो. वाफ्यांची लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी.

पहिल्या वेळी जमीन एक फूट खोल खणून ढेकळे फोडावीत, दगड व हरळीच्या मुळ्या वेचाव्यात. हरळीचा एक कांडा राहिला तरी ती पुन्हा वाफाभर पसरते. मग वाटेच्या जागची वरची माती काढून वाफ्यावर टाकावी. त्यामुळे वाट खाली जाते व वाफा आपोआप वर येतो. दहा फूट लांब व तीन फूट रुंद वाफ्यास पूर्ण कुजलेले शेणखत दोन घमेली, म्हणजे १५ ते २० किलो, घालावे. पाऊण किलो निंबोळी पेंड मिळाल्यास तीही मिसळावी. ताजे शेण कधीही घालू नये. त्याच्या उष्णतेने रोपे मरतात, आणि त्यातून हुमणी व वाळवी येते.

मातीप्रमाणे थोडा फरक करावा. तांबड्या जांभ्या मातीत पाणी टिकत नाही व ती बहुधा आंबट असते. तिच्यात खत थोडे जास्त घालावे, आणि वर्षातून एकदा ओंजळ-दोन ओंजळी चुलीतील राख भुरभुरावी. अथणी, गोकाक, सौंदत्तीकडील काळ्या मातीत राख घालू नये, कारण ती मुळातच खारवट बाजूची असते. काळी माती ओली असता चिकटते व वाळली की भेगाळते. तिच्यात जाड वाळू, विटांचा बारीक चुरा आणि भरपूर पालापाचोळ्याचे खत मिसळावे. काळी माती ओली असताना कधीही खणू नये. वाफसा आल्यावरच हात लावावा.

कडेला चिऱ्याचे तुकडे, जुन्या विटा किंवा नारळाची सोडणे लावावीत. विकत काही आणण्याची गरज नाही. छपराचे जुने सिमेंटचे फुटके पत्रे मात्र कडेला लावू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते, आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे.

३. पहिला वाफा : कायमचा पाला

वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वनस्पती व दोन महिन्यांच्या भाज्या एकाच वाफ्यात लावू नयेत. भाजीचा वाफा दर हंगामाला हलवावा लागतो. कायमच्या वनस्पतीची मुळे त्यात तुटतात. शिवाय त्यांची पाण्याची गरजही सारखी नसते. म्हणून पहिला वाफा त्यांच्यासाठी निराळा ठेवावा.

गवती चहा : जुन्या ठोंबाची मुळासकट फोड घेऊन दीड ते दोन फुटांवर लावावी. पात जमिनीपासून चार-सहा इंच ठेवून वर कापावी. साधारण दोन महिन्यांनी पुन्हा कापणीस येते. तीन-चार वर्षांनी ठोंब उपटून, फोडून नव्याने लावावा. याचे ठोंब वाफ्याच्या टोकाला लावावेत. तेथे ते मातीही धरून ठेवतात.

पुदिना : पसरणाऱ्या दांड्याचे तुकडे लावले की जगतात. याला ओल व अर्धी सावली हवी. मोकळा सोडला तर सारा वाफा व्यापतो. म्हणून तळ काढलेला जुना डबा किंवा बादली मातीत पुरून त्यात पुदिना लावावा. वर्षाने माती बदलून पुन्हा लावला की पाने मोठी राहतात.

ओव्याचे पान : जाड, मऊ पानाची ही वनस्पती फांदीच्या तुकड्यापासून होते. हिला पाणी फार दिले तर देठ कुजतो, म्हणून पुदिन्यापासून दूर, वाफ्याच्या उंच कडेला लावावी. पानांची भजी मुलांना आवडतात.

मायाळू : ही वेलभाजी आपण विसरू लागलो आहोत. एकदा मांडवावर चढवली की शेंडे खुडत राहावे. उन्हाळ्यात पालक व मेथी दमतात, त्या वेळी मायाळूचे जाड पान टिकून राहते. बी किंवा वेलाचा तुकडा, दोन्हींपासून होते.

हळद व आले : यांचे कंद मे-जूनमध्ये लावावेत व जानेवारी-फेब्रुवारीत पाला वाळल्यावर काढावेत. काही कंद पुढील लावणीसाठी सावलीत राखावेत. हळदीचे पानही वाया जात नाही. गोव्यात व आपल्याकडील गोव्याच्या घरांत १५ ऑगस्टला, पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, पातोळ्या करतात त्या याच पानात. मे-जूनमध्ये लावलेल्या हळदीची पाने तोपर्यंत तयार होतात.

कढीपत्ता व शेवगा वाफ्यात लावू नयेत, कारण त्यांची मुळे व सावली वाफा खातात. त्यांची जागा कुंपणाजवळ. कढीपत्त्याचे ताजे पिकलेले फळच पेरावे. बी वाळवून ठेवले की त्याची उगवण लवकर जाते. झाड तीन-चार फुटांवर छाटत राहावे, म्हणजे ते झुडपासारखे भरते. शेवग्याची बियांपासून होणारी जात हवी असल्यास तमिळनाडूतील पेरियाकुलम येथे निघालेली पी.के.एम.-१ ही जात सर्वत्र मिळते. शेवगाही छाटून हाताच्या उंचीवर ठेवावा. त्याची फांदी ठिसूळ असते. पाल्यासाठी मुलांनी वर चढून पडण्याचे प्रसंग त्यामुळे टळतील.

४. दुसरा व तिसरा वाफा : वसंतातील भाजी

लहान जागेत काय लावावे, हा खरा प्रश्न आहे. फळभाजी दिसायला मोठी, पण तिला जागा व दिवस जास्त लागतात. दहा फूट वाफ्यात भेंडीची वीस-बावीस रोपेच बसतात. त्यांवर पाच माणसांची भाजी रोज होणार नाही. पालेभाजीचे तसे नाही. माठ-राजगिऱ्याचा हेक्टरी उतारा दहा ते पंधरा टन धरला, तर एका चौरस मीटरला एक ते दीड किलो पडतो. आपला वाफा सुमारे पावणेतीन चौरस मीटरचा आहे, म्हणजे एका पिकाला साधारण तीन ते चार किलो पाला. म्हणून दुसरा वाफा पूर्णपणे पालेभाजीचा करावा, आणि फळभाजीला तिसरा द्यावा.

दुसऱ्या वाफ्याचे तीन भाग पाडावेत. पहिला भाग जानेवारीच्या मध्यावर, दुसरा त्यानंतर पंधरा दिवसांनी व तिसरा आणखी पंधरा दिवसांनी पेरावा. सारा वाफा एकाच दिवशी पेरला तर भाजी एकदम येते, थोडी खाल्ली जाते व उरलेली फुलावर जाते. मेथी, पालक, कोथिंबीर व मुळा यांची पेरणी फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी आटोपावी, कारण ऊन वाढले की ती लवकर फुलावर येतात. त्यानंतर तांबडा माठ, हिरवा माठ, राजगिरा व अंबाडी यांनाच जागा द्यावी. गोव्यात ज्याला तांबडी भाजी म्हणतात तो तांबडा माठ उन्हाला भीत नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे थंडी अधिक काळ राहते. तेथील वाचकांनी भेंडी, गवार व माठ यांची पेरणी फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढे धरावी.

माठाचे बी फार बारीक असते. वाफ्याला चहाचा एक चमचा बी पुरे. ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून बोटाने काढलेल्या रेषांत टाकावे व वर अगदी पातळ माती सारावी. मुंग्या बी नेतात, म्हणून कडेने राखेची रेघ ओढावी. उगवण होईपर्यंत झारीनेच पाणी द्यावे. तांब्याने ओतल्यास बी एका कोपऱ्यात वाहून जाते. २५ ते ३० दिवसांत भाजी होते. दाट रोपे मुळासकट उपटून पहिली भाजी करावी, आणि राहिलेली चार बोटे ठेवून कापावीत. ती पुन्हा फुटतात. धणे पेरण्यापूर्वी पायताणाखाली हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत व रात्रभर भिजवावेत. अख्खा धणा उगवण्यास फार दिवस घेतो.

तिसऱ्या वाफ्यात भेंडीच्या दोन ओळी दीड फुटावर व दोन रोपांत एक फूट अंतर ठेवून लावाव्यात. मधल्या जागेत पहिला महिनाभर मुळा किंवा कोथिंबीर निघते. बी रात्रभर पाण्यात भिजवावे. भेंडीची पाने पिवळ्या शिरांची होऊन रोप खुरटते, हा केवडा रोग पांढरी माशी पसरवते. त्याला पुष्कळ अंशी तोंड देणाऱ्या जाती म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती व बेंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का अनामिका. या सरळ जाती असल्याने दोन चांगली झाडे राखून त्यांचे बी घरी धरता येते. संकरित बियाण्याचे बी धरून उपयोग नाही. पुढच्या वर्षी एकसारखी झाडे येत नाहीत.

या वाफ्याच्या पश्चिम कडेला काठ्यांचा उभा मांडव करून दोडका किंवा काकडी चढवावी. एप्रिलमध्ये दुपारचे ऊन कडक होते, त्या वेळी वेलाची सावली वाफ्यावर पडते व पालेभाजी सुकत नाही. जागा कमी असतानाही यामुळे एक भाजी अधिक मिळते. पुढील हंगामात दुसऱ्या व तिसऱ्या वाफ्याची अदलाबदल करावी. भेंडी निघाल्यावर तेथे चवळी किंवा गवार घ्यावी. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठते, आणि मुळे जमिनीतच राहू दिल्यास त्याचा लाभ पुढील भाजीला होतो.

५. पाण्याचा हिशेब

उन्हाळ्यात पाणी कोठून आणावयाचे, असे वाचक विचारतील. येथे अंदाजापेक्षा हिशेब बरा. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मार्च-एप्रिलच्या दिवसांत वाढत्या भाजीला दररोज पाच ते सहा मिलिमीटर पाणी लागते असे धरू. पावणेतीन चौरस मीटरच्या वाफ्यास ते १४ ते १६ लिटर झाले, म्हणजे बारा लिटरच्या घागरीने सव्वा घागर. तीन वाफ्यांना मिळून चार घागरी.

यातील काही पाणी घरातच असते. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी रोज टाकून दिले जाते. ते बादलीत साठवून सरळ वाफ्यास घालावे. भांडी घासलेले साबणाचे पाणी मात्र पालेभाजीवर घालू नये. ते केळ व शेवगा यांच्या बुंध्याशी सोडावे. पाण्याचे डबके कोठेही साचू देऊ नये, आणि साठवणीची बादली आठवड्यातून एकदा घासून वाळवावी. डेंग्यूचा डास अशा स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो.

पाणी वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आच्छादन. रोपे चार बोटे उंच झाली की ओळींमध्ये दोन-तीन इंच जाडीचा वाळला पाला, भाताचा पेंढा किंवा उसाचे पाचट पसरावे. आपल्या भागात ऊस तुटला की पाचटाला काडी लावण्याची चाल आहे. एका वाफ्याला दोन पेंढ्या पाचट पुरते. तेवढे तरी जाळण्यापूर्वी घरी आणावे. आच्छादनाखालील माती दुपारीही थंड राहते, तण येत नाही, आणि पावसाळ्यापर्यंत त्याचे खत होते. पाणी सकाळी लवकर द्यावे. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा दिवसाआड खोल मुरेल असे दिलेले बरे. बोट मातीत दोन पेरे घालून पाहावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी न दिले तरी चालते.

६. कीड व रोग

घरच्या भाजीवर तीव्र विषारी औषध मारू नये. आज फवारलेली भाजी उद्या तोडण्याचा मोह घरात आवरत नाही. मावा दिसताच प्रथम पाण्याची जोरदार धार सोडावी. तेवढ्याने न गेल्यास लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम साधा कपड्यांचा साबण विरघळवून पानांच्या खालच्या बाजूस फवारावा. अळ्या असल्यास निंबोळ्यांचा अर्क करावा. ५०० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांचा गर कुटून पाण्यात रात्रभर भिजवावा, फडक्याने गाळावा, आणि पाणी मिसळून दहा लिटर करावे. हा अर्क संध्याकाळी फवारावा, उन्हात नव्हे. फवारल्यावर चार दिवस भाजी तोडू नये व नंतर धुऊन घ्यावी. केवडा झालेले भेंडीचे झाड ठेवून पाहू नये. दिसताच उपटून पुरावे, म्हणजे शेजारची वाचतात.

दुकानातील रंगवलेल्या बियाण्याला औषध चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये, आणि उरलेले कोंबड्यांना टाकू नये.

७. वाफ्यापासून ताटापर्यंत

भाजी पिकवली म्हणजे काम संपले असे नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसास दिवसाला फळे व भाज्या मिळून निदान ४०० ग्रॅम खाण्यास सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. आपल्या ताटातील दोन चमचे भाजी किती भरते ते एकदा तोलून पाहावे.

भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, नंतर नव्हे. झाकण ठेवून थोडक्या पाण्यात शिजवावी आणि ते पाणी ओतून देऊ नये. तांबडा माठ, शेवग्याचा पाला, मायाळू यांतील जीवनसत्त्व ‘अ’चा अंश शरीरात मुरण्यास थोडे तेल लागते. पालेभाजीतील लोह शरीराला थोडेच लागू पडते, पण वर लिंबू पिळले किंवा जेवणात कच्ची कोथिंबीर, पेरू, आवळा असला तर ते प्रमाण वाढते. याउलट जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेतला तर ते कमी होते. चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा. या सवयीला एक पैसाही लागत नाही.

परसात काम करताना पायात चपला घालाव्यात. उघड्यावर शौचाची जागा जवळ असेल तर मातीतील हुकवर्म नावाचे बारीक जंत तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात व आतड्यात राहून रक्त पितात. असे जंत असले तर कितीही पाला खाल्ला तरी अंगात रक्त भरत नाही. गरोदर स्त्रीला किंवा थकवा, धाप, पांढरे डोळे अशी लक्षणे असलेल्यास रक्त तपासून घेण्यास पाठवावे. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात. भाजी ही गोळ्यांच्या बदली नव्हे, ती त्यांची जोडीदार आहे.

तीच गोष्ट पहिल्या वाफ्याची. गवती चहा, आले व ओव्याचे पान यांचा काढा सर्दी-पडशाला आराम देतो. परंतु दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर काढ्यावर दिवस काढू नयेत. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. क्षयरोग लवकर कळला तर औषधाने पूर्ण बरा होतो, आणि उशीर झाला तर तो घरातील इतरांनाही लागतो.

उजळणी व गृहपाठ

पुढील प्रश्न घरात किंवा महिला मंडळाच्या बैठकीत विचारावेत.

(१) वाफ्याची रुंदी तीन फुटांहून जास्त का नसावी?
(२) वाफ्याचा माथा जानेवारीत व मे अखेरीस कसा बदलावा, आणि का?
(३) पुदिना व ओव्याचे पान जवळजवळ का लावू नयेत?
(४) आपल्या घरी तांदूळ-डाळ-भाजी धुतलेले पाणी दिवसाला किती निघते? उद्या बादलीत साठवून मोजावे. ते किती वाफ्यांना पुरेल?
(५) गेल्या आठवड्यात आपल्या घरी हिरवी पालेभाजी किती दिवस झाली? घरातील स्त्रियांच्या ताटात ती किती उरली?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुरुषांनी द्यावे. मंडळी जेवून उठल्यावर भांड्यात जे राहील ते घरधनिणीने खावयाचे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे, आणि पालेभाजी शिजून मुळातच थोडी होते. तेव्हा घरातील सर्वांची भाजी आधी वाढून घ्यावी व मग जेवणास बसावे. ज्यांना तीन वाफे एकदम जमणार नाहीत त्यांनी यंदा पालेभाजीचा एकच करावा. त्याची माती न तुडवता राखली, तर दुसऱ्या वर्षी ती हाताने उकरता येईल इतकी भुसभुशीत होते, आणि पुढचे वाफे करण्याचा उत्साह आपोआप येतो.